‘येवगेनी ओनेगिन’ पडद्यावर: चित्रित प्रयोग घरी नीट कसा पाहावा

पहिल्या अंकात, मध्यरात्री पत्र लिहायला बसण्याआधी तात्याना एक ओळ गाते: ‘पुस्काय पगीब्नु या’. माझा नाश झाला तरी होऊ दे, पण त्याआधी... तिसऱ्या अंकात, काही वर्षं उलटून गेल्यावर, तिला एकेकाळी उपदेश पाजून परत पाठवणारा ओनेगिन हेच शब्द आणि हीच चाल गातो. चायकोव्हस्की या रशियन संगीतकाराच्या या ऑपेराचा सगळा पीळ या दोन जागांमध्ये आहे, आणि त्यांच्यामध्ये जवळजवळ दीड तासाचं संगीत आहे.

पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या हातून दुसरी जागा बहुतेक वेळा निसटते. ती जेमतेम दीड मिनिटाची असते. तोपर्यंत पाहणारा दमलेला असतो, डोळे सबटायटलला चिकटलेले असतात, आणि आधीचं ग्रेमिनचं, म्हणजे तात्यानाच्या नवऱ्याचं, गाणं इतकं भरदार असतं की त्यानंतर मन जरा सैल सोडलं जातं. म्हणून रेकॉर्डिंगची निवड, टीव्हीची सेटिंगं, आधीची तयारी, मध्यंतर कुठे घ्यायचं, हे सगळं त्या दीड मिनिटासाठी आहे असं समजा. ती जागा कानाला ओळखू आली की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

आधी हाडापेरं

रशियन कवी पुश्किनची मूळ कादंबरी पद्यात आहे. चायकोव्हस्कीने 1877-78मध्ये तिच्यातले सात प्रसंग उचलले आणि त्यांना ‘ऑपेरा’ न म्हणता ‘गेय दृश्यं’ म्हटलं. त्यामुळे कथेत उड्या आहेत. रशियन प्रेक्षकाला मधलं सगळं पाठ असतं, आपल्याला ते माहीत नसतं, म्हणून गोष्ट आधी वाचून बसायची. शेवट कळला तर मजा जाईल ही भीती इथे कामाची नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. खेड्यातल्या जमीनदारीणबाई लारिना, त्यांच्या दोन मुली: वाचनवेडी तात्याना आणि हसरी ओल्गा. ओल्गाचा कवी प्रियकर लेन्स्की आपला शेजारी ओनेगिन याला घेऊन येतो. तात्याना त्याच्यावर भाळते, रात्रभर जागून पत्र लिहिते. तो सभ्यपणे नकार देतो. तात्यानाच्या नामदिनाच्या (तिच्या नावाच्या संताच्या दिवसाच्या) मेजवानीत ओनेगिन केवळ कंटाळ्यापोटी ओल्गाशी सलगी करतो, लेन्स्की त्याला द्वंद्वाला बोलावतो आणि मरतो. काही वर्षांनी पीटर्सबर्गमध्ये ओनेगिनला तात्याना भेटते, पण आता ती सरदार ग्रेमिनची बायको आहे. आता तो पत्र लिहितो आणि नकार ती देते.

वेळेचा हिशेब साधारण असा: पहिला अंक तीन प्रवेशांचा, सव्वा तासाच्या आसपास. दुसरा दोन प्रवेशांचा, 40-42 मिनिटं. तिसराही दोन प्रवेशांचा, 35-38 मिनिटं. अडीच तासांचं संगीत, आणि त्यातला निम्मा भाग पहिल्याच अंकात. जेवण करून रात्री नऊला बसलात तर तिसऱ्या अंकाला जांभया येणारच. सुट्टीच्या दिवशी दुपारी चारला बसा, पहिल्या अंकानंतर चहा घ्या, दुसरा आणि तिसरा सलग पाहा. दोन दिवसांत विभागायचं असेल तर पहिला अंक एका दिवशी, उरलेले दोन दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या अंकानंतर मात्र तोडू नका: लेन्स्कीचं प्रेत आणि पीटर्सबर्गचा झगमगाट यांच्यामध्ये रात्र गेली की तो धक्काच उरत नाही.

पहिला प्रयोग 29 मार्च 1879ला मॉस्कोच्या माली थिएटरमध्ये झाला, तोही संगीतशाळेच्या विद्यार्थ्यांकडून. सरकारी नाट्यगृहांतल्या मुरलेल्या, जाडजूड गायकांपेक्षा कोवळी मुलं चायकोव्हस्कीला हवी होती. कॅमेऱ्यासमोर हीच अडचण आजही उभी राहते: सतरा-अठरा वर्षांची तात्याना गाणारी सोप्रानो (उंच आवाजाची गायिका) बहुतेक वेळा चाळिशीची असते, आणि क्लोज-अप ते लपवू देत नाही. पहिली दहा मिनिटं ते डोळ्यांत खुपेल, मग विसरायला होतं. संगीत नाटकात पन्नाशीचे नट तरुण अर्जुन किंवा कृष्ण म्हणून उभे राहिलेले ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे नवं नाही. (योगायोग असा की आपलं ‘संगीत शाकुंतल’ 1880चं, म्हणजे दोन्ही जवळपास एकाच वयाचे.)

कोणता प्रयोग निवडायचा

पहिल्या भेटीसाठी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा 2007चा प्रयोग घ्या. रॉबर्ट कार्सनचं दिग्दर्शन, व्हालेरी गेर्गिएव्ह वाद्यवृंदावर, रेने फ्लेमिंग तात्याना, दिमित्री ह्वोरोस्तोव्हस्की ओनेगिन, रामोन वार्गास लेन्स्की. रंगमंचावर जवळजवळ काही नाही: उंच मोकळ्या भिंती, जमिनीवर पानगळीची पानं, एखादी खुर्ची. सामान नसल्यामुळे कॅमेरा चेहऱ्यांवरच राहतो, आणि हा ऑपेरा चेहऱ्यांचाच आहे. शिवाय कार्सन द्वंद्वानंतर पडदा पाडत नाही. तिसऱ्या अंकाचं पोलोनेझ, म्हणजे दरबारी नाचाचं संगीत, वाजत असताना नोकर ओनेगिनला दरबारी कपडे चढवत राहतात. मधली वर्षं अशी डोळ्यांसमोर सरतात, आणि वर सांगितलेला धक्का शाबूत राहतो.

ज्यांना झालर, मेणबत्त्या, खांब आणि घेरदार झगे हवेत त्यांनी मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरची 2000ची चित्रफीत पाहावी. बोरिस पक्रोव्हस्कीने 1944मध्ये बसवलेला, अनेक दशकं चाललेला हा प्रयोग आहे, वाद्यवृंदाचं संचालन मार्क एर्म्लरचं. नाट्य थोडं जुन्या वळणाचं वाटतं, पण गावातली बाग, लाकडी घर, थंडीतली गिरणी हे सगळं संहितेत लिहिलंय तसं दिसतं. लेनिनग्राडच्या किरोव्ह थिएटरचा 1984चा प्रयोगही याच घराण्यातला. यूरी तेमिरकानोव्ह संचालक, सेर्गेई लेइफेर्कुस ओनेगिन. चित्र जुन्या चौकोनी आकारात आहे. टीव्हीने ते रुंद ताणलं तर माणसं बुटकी दिसतात, म्हणून ‘4:3’ किंवा ‘ओरिजिनल’ निवडा, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्या.

बोल्शोईनेच 2008मध्ये पॅरिसच्या पाले गार्निएमध्ये केलेला दिमित्री चेर्न्याकोव्हचा प्रयोग अप्रतिम आहे, पण तो दुसऱ्यांदा पाहायचा. त्यात सगळं एका लांबलचक जेवणाच्या टेबलाभोवती घडतं. मेजवानीतली त्रिके नावाच्या फ्रेंच मास्तरची गाणी इथे लेन्स्कीच विदूषकासारखी गातो, आणि द्वंद्वाच्या जागी झटापटीत बंदूक उडते. मूळ माहीत असेल तर प्रत्येक बदल टोचतो आणि पटतो, माहीत नसेल तर नुसता गोंधळ. अॅम्स्टरडॅमच्या 2011च्या प्रयोगाचंही तसंच. स्टेफान हेरहाइम तिथे पोलोनेझमध्ये अंतराळवीरांपासून बॅले नर्तकांपर्यंत सगळा रशिया उभा करतो. लंडनच्या रॉयल ऑपेराच्या 2013च्या प्रयोगात तात्याना आणि ओनेगिन यांची तरुण रूपं नर्तक करतात, त्यामुळे सुरुवातीला कोण कोण आहे हेच कळत नाही. मात्र केवळ वाद्यवृंदासाठी अॅम्स्टरडॅमचं रेकॉर्डिंग जवळ असावं: संचालक मारिस यान्सन्स आणि कॉन्सर्टखेबाउ वाद्यवृंद.

चित्रपट आणि चित्रित प्रयोग यांची गल्लत करू नका. 1958चा सोव्हिएत चित्रपट सुंदर आहे, पण त्यात पडद्यावर नटी आणि आवाज गालिना विश्नेव्हस्कायाचा. श्वास, घाम, चुकलेला सूर, मध्येच उठणाऱ्या टाळ्या हे त्यात नसतं. आपल्याला हवा आहे तो रंगमंचावरचा जिवंत प्रयोग.

मिळवायचं कुठून? मेटचे, म्हणजे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनचे, प्रयोग ‘मेट ऑपेरा ऑन डिमांड’ या त्यांच्याच सेवेवर आहेत. युरोपातल्या नाट्यगृहांचे मोफत प्रयोग ‘ऑपेराव्हिजन’वर ठरावीक मुदतीपुरते येतात, तेव्हा मुदत संपण्याची तारीख आधी बघा. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राने मेटच्या मालिकेतले प्रयोग मोठ्या पडद्यावर दाखवले आहेत. न्यूयॉर्कमध्ये शनिवारी दुपारी 1ला सुरू होणारा प्रयोग हिवाळ्यात आपल्याकडे रात्री 11:30ला पडतो, म्हणून आपल्या वाट्याला बहुधा नंतरची चित्रफीतच येते. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना मात्र तो जवळच्या मल्टिप्लेक्समध्ये थेट पाहता येतो.

डिस्क विकत घेत असाल तर पाठीमागचा रीजन (डिस्क कोणत्या देशांतल्या प्लेअरवर चालेल तो गट) पाहा. भारत डीव्हीडीसाठी 5, ब्लू-रेसाठी ‘सी’ गटात येतो. ऑपेराच्या बऱ्याच डिस्कवर 0 किंवा ‘ऑल’ असतं, पण अमेरिकेहून मागवताना ते गृहीत धरू नका.

आवाज: इथेच बहुतेकांचं फसतं

टीव्हीचे स्वतःचे स्पीकर या कामाला नालायक आहेत. चायकोव्हस्की कुजबुजीपासून गर्जनेपर्यंत जातो, आणि टीव्ही ही दरी बुजवून टाकतो. साधे वायरचे हेडफोनही त्यापेक्षा बरे.

आधी टीव्हीच्या साउंड मेनूत जा आणि पुढच्या गोष्टी बंद करा: ऑटो व्हॉल्यूम, नाइट मोड, क्लिअर व्हॉइस, व्हर्च्युअल सराउंड. क्लिअर व्हॉइस सगळ्यात घातक. ते बातम्यांसाठी आहे. गायकाचा आवाज पुढे आणतं आणि वाद्यवृंद मागे ढकलतं, आणि पत्राच्या प्रवेशात तर निम्मी गोष्ट वाद्यंच सांगतात. डिस्कवर दोन ट्रॅक असतील तर दोनच स्पीकर किंवा हेडफोन असणाऱ्याने ‘पीसीएम स्टिरिओ’ घ्यावा. पाच चॅनेलचा ट्रॅक दोन स्पीकरवर दाबून वाजवला की गायकाचा आवाज कधी कधी पोकळ होतो.

आवाजाची पातळी सुरुवातीच्या प्रस्तावनेवरून ठरवू नका. ती हळू आहे, मुख्यतः तंतुवाद्यांच्या उतरत्या ओळी. तिथे पुरेसं वाटेपर्यंत वाढवलात तर तिसऱ्या अंकाच्या तोंडाशी तुताऱ्या वाजल्या की शेजारी दार वाजवतील. आधी तिसरा अंक लावा, पोलोनेझची सुरुवात ऐका, ती भरदार पण सोसेल इतकी ठेवा, आणि मग रिमोट लांब ठेवून पहिल्या अंकाकडे या. प्रस्तावना बारीक वाटेल. वाटू द्या, दोन मिनिटांत कान जुळतात. पंखा आणि एसी यांचा आवाज मात्र त्या हळू जागा खाऊन टाकतो, तेवढी व्यवस्था बघा.

ओठ आणि आवाज जुळतात का, हे तपासायला ‘पुस्काय पगीब्नु या’ हीच ओळ घ्या. तिच्यात ओठ तीनदा मिटतात: ‘पु’, ‘प’ आणि ‘ब’ला. क्लोज-अपमध्ये ओठ उघडण्याच्या क्षणी अक्षर ऐकू आलं पाहिजे. आवाज मागून येत असेल तर दोष बहुधा ब्लूटूथचा. त्यात सेकंदाचा दहावा-पाचवा भाग उशीर सहज होतो, वायर लावली की प्रश्न मिटतो. आवाज आधी येत असेल तर टीव्हीचं चित्र मागे पडतंय. ‘ऑडिओ डिले’ किंवा ‘लिप सिंक’मध्ये 10-20 मिलिसेकंदांच्या पावलांनी वाढवत जा. याच निमित्ताने ती ओळ चार-पाचदा कानावरून जाते, हा फायदा वेगळाच.

चित्राचं काम थोडक्यात उरकतं. ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोड बंद, ‘सिनेमा’ चालू. पत्राचा प्रवेश मेणबत्तीच्या उजेडात आणि द्वंद्व पहाटेच्या अंधारात होतं. भडक मोडमध्ये काळोखातले तपशील बुडतात आणि चेहरे मेणाचे दिसतात. खोली पूर्ण अंधारी न करता टीव्हीच्या मागे एक मंद दिवा ठेवा.

सबटायटल

मराठी सबटायटल मिळत नाहीत, इंग्रजीवर भागवावं लागतं. डिस्कवर ती बहुधा बंदच असतात, मेनूतून सुरू करावी लागतात.

त्यांचा सापळा असा की चौघं एकदम वेगवेगळं गात असताना सबटायटल एकाचंच दिसतं. ऑपेरा उघडतो तोच असा. घरातून तात्याना आणि ओल्गाचं गाणं ऐकू येतं, बाहेर बागेत लारिना आणि म्हातारी दाई फिलिप्येव्ना मुरंबा शिजवत जुन्या आठवणी काढतात. मुली प्रेमाबद्दल गातात, बायका प्रेमाचं पुढे काय होतं ते सांगतात. लारिनाचंही तरुणपणी दुसऱ्यावरच मन होतं, लग्न भलत्याशीच झालं, मग ती रुळली. तिथे दोघी मिळून एक ओळ गातात: सवय हे वरून आलेलं देणं आहे, सुखाच्या बदली दिलेलं. ही ओळ वाचा आणि लक्षात ठेवा, शेवटच्या प्रवेशात तात्यानाकडे बघताना ती आठवेल. बाकी सबटायटल सोडून दिलं तरी चालेल.

बसण्याआधीचा अर्धा तास

मोबाइलवरच करा. पत्राच्या प्रवेशाची पहिली दोन मिनिटं तीन वेळा ऐका, शेवटच्या वेळी सोबत गुणगुणा. मग लेन्स्कीचं ‘कुदा, कुदा’ एकदा. त्यानंतर ओनेगिनची ती दीड मिनिटं मात्र मुद्दाम ऐकू नका. ती प्रयोगातच भेटली पाहिजेत. यूट्यूबवरच्या तुकड्यांवर जाहिरात मध्येच घुसते, तेव्हा ज्या सेवेवर पूर्ण प्रयोग पाहणार आहात तिथेच तो प्रवेश शोधलेला बरा.

आणखी एक तयारी मनाची. नाट्यगीत ऐकणारा कान तानेची, आलापाची, समेवर येण्याची वाट बघतो. इथे गायक लिहिलेल्या स्वरांपलीकडे जात नाही. कौशल्य श्वास न तोडता ओळ नेण्यात आणि शब्दाचं वजन सांभाळण्यात असतं. वन्स मोअरही मिळत नाही.

प्रवेशांमधून जाताना

पहिला प्रवेश ओळखींचा आहे. शेतकऱ्यांची गाणी येऊन जातात, पाहुणे येतात. ओनेगिन आणि तात्याना पहिल्यांदा एकमेकांसमोर येतात तेव्हा कॅमेरा कोणावर आहे ते बघा. चांगला चित्रणकार तात्यानावर थांबतो, कारण ती जवळजवळ गातच नाही.

दुसरा प्रवेश म्हणजे पत्र. तात्याना दाईला विचारते, तू कधी प्रेमात पडली होतीस का? दाई म्हणते, आमच्या वेळी हे असलं नव्हतं. लग्न झालं तेव्हा ती तेरा वर्षांची, नवरा तिच्याहून लहान. हे मराठी घरांतल्या पणज्यांच्या तोंडूनही ऐकलेलं असतं. घाईने पुढे जाऊ नका, या गप्पांमुळेच पुढच्या बारा-तेरा मिनिटांचं वेड कळतं.

दाई जाते, वाद्यवृंद एकदम उसळतो आणि ती ओळ येते: ‘पुस्काय पगीब्नु या’. आता सबटायटल वाचू नका, शब्द तुम्हाला माहीत आहेत. नंतर ती लिहायला बसते, काही लिहिते, फाडते: छे, हे नाही, पुन्हा सुरुवात करते. मग ओबो या फुंकवाद्याची एक उतरती ओळ, तिला बासरी, क्लॅरिनेट, हॉर्न आणि हार्पचं उत्तर, पुन्हा ओबो. कागदावर धावणारं टाकच ते. गायिका गप्प असते आणि पत्र वाद्यवृंद लिहीत असतो. चित्रणाची खरी परीक्षा इथे होते. या वेळी कॅमेरा रंगमंचापुढच्या वाद्यवृंदाच्या खड्ड्यातल्या ओबोवादकाकडे गेला तर प्रवेश तुटतो. हातावर, कागदावर किंवा तिच्या पाठीवर थांबला तर जमलं. ‘तू कोण आहेस, माझा रक्षक देवदूत की मोहात पाडणारा’ ही तिची ओळ वरून खाली उतरत येते. तोच उतार पुढे लेन्स्कीच्या गाण्यात भेटेल. संपवताना ती म्हणते, पुन्हा वाचायची भीती वाटते. बाहेर मेंढपाळाची पिपाणी आणि पहाट.

इथे टाळ्या पडतात. त्या गाळण्यासाठी पुढे ढकलू नका, गायिकेचा श्वास परत जागेवर येताना दिसतो.

तिसरा प्रवेश छोटा. ओनेगिनचा उपदेश. तो दुष्ट वाटला तर प्रयोग फसला आहे. तो सभ्य, समंजस आणि असह्य वाटला पाहिजे, आणि ह्वोरोस्तोव्हस्कीचं बळ नेमकं यात आहे. चहा घ्या.

दुसऱ्या अंकाच्या मेजवानीत वॉल्ट्झ चालू असताना नाचणारे ओनेगिनबद्दल कुचाळक्या करत गातात. सबटायटल इथे उपयोगी. त्रिकेची गाणी फ्रेंचमध्ये आहेत, भाषा अचानक का बदलली म्हणून ट्रॅक तपासत बसू नका. भांडण मझुर्का नावाच्या नाचाच्या तालावर पेटतं.

द्वंद्वाच्या प्रवेशाची सुरुवात चेलोवर, नदीकाठची गिरणी, थंडीतली पहाट. लेन्स्की ‘कुदा, कुदा’ गातो: कुठे गेले माझे सोन्याचे दिवस. पुश्किनने या ओळी लेन्स्कीच्या बाळबोध कवितेची हलकी थट्टा म्हणून लिहिल्या. चायकोव्हस्कीने त्या मनापासून घेतल्या, आणि हे गाणं ऐकताना कोणालाही थट्टा आठवत नाही. पुढे ओनेगिन उशिरा येतो आणि दोघं एकमेकांकडे न पाहता ‘शत्रू!’ गातात. एकाने सुरू केलेली ओळ दुसरा थोड्या अंतराने तशीच उचलतो. चाल एक, शब्द एक, पण एकत्र नाही. हसून टाकावं, हात मिळवावेत का? तिथे मात्र दोघं एकदम ‘न्येत’ म्हणतात, नाही. कॅमेरा एकावर असेल तर कानाने दुसऱ्याचा पाठलाग करा. गोळी, मग दोन शब्द: मेला? मेला. थांबू नका, तिसरा अंक लगेच लावा. डिस्कवर इथे मध्यंतराच्या मुलाखती असतील तर त्या नंतर पाहा.

पोलोनेझनंतर ओनेगिन म्हणतो, इथेही कंटाळाच, वय सव्वीस, काम नाही, ध्येय नाही. संहितेत तात्याना रास्पबेरीच्या रंगाची टोपी घालून स्पेनच्या राजदूताशी बोलत असते. बऱ्याच प्रयोगांत ती टोपी नसते, पण गर्दीत तिच्याकडे आधी तुमचं लक्ष जातं की ओनेगिनचं, ते बघा. ग्रेमिन येतो, एकच गाणं गातो आणि बाजी मारतो: प्रेमापुढे सगळी वयं सारखी. खोल बास आवाज, टीव्हीच्या स्पीकरवर त्याचा तळ ऐकूच येत नाही. पुश्किनने या नवऱ्याला नावही दिलं नव्हतं, हे नाव ऑपेराचं.

सावध व्हा. ओळख होते, तात्याना दोन औपचारिक वाक्यं बोलून थकल्याचं सांगते आणि नवऱ्यासोबत निघून जाते. ओनेगिन एकटा: हीच का ती तात्याना? आणि मग, संशय नको, मी प्रेमात पडलो आहे, पोरासारखा. इथून पुढे सबटायटलकडे पाहू नका. ‘पुस्काय पगीब्नु या’. तीच चाल, पट्टी वेगळी, सोप्रानोच्या जागी बॅरिटोन, म्हणजे मध्यम पुरुषी आवाज. त्याने ते पत्र वाचलं होतं, पण ही ओळ पत्रात नव्हतीच. ती तात्याना एकटी असताना म्हणाली होती, त्याने ती कधी ऐकलेली नाही. ऐकली आहे ती फक्त आपण.

चुकली तर लाज न बाळगता दोन मिनिटं मागे जा. ही एकच जागा अशी आहे जिथे प्रयोग थांबवून मागे जाणं माफ आहे.

शेवटच्या प्रवेशात कॅमेरा कुठे आहे याची काळजी करण्यासारखं काही उरत नाही, दोनच माणसं असतात. ‘सुख किती शक्य होतं, किती जवळ’ ही ओळ दोघं मिळून गातात. ती तुझ्यावर प्रेम आहे असं कबूल करते आणि तरीही निघून जाते. 2013च्या मेटच्या प्रयोगात हे उघड्यावर, पडत्या बर्फात घडतं. 2007च्या प्रयोगात मोकळ्या रंगमंचावर. दोन्ही पाहिलेत तर हाच प्रवेश पाठोपाठ लावा आणि निरोपानंतर तात्याना वळून बघते का, तेवढंच तपासा. ओनेगिनची शेवटची ओळ काही सेकंदांची असते आणि वाद्यवृंद तिच्या अंगावर कोसळतो. श्रेयनामावली लगेच येते, पण टाळ्यांसाठी गायक बाहेर येईपर्यंत टीव्ही बंद करू नका. आताच मेलेला लेन्स्की हसत वाकतो तेव्हा अडीच तासांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेता येतो.